संशोधनासाठी आपली माहिती देताना: सहीआधी काय वाचावं, काय विचारावं

पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ साली केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने एक अभ्यास सुरू केला. बायकांना दिवस जाण्याआधीपासून त्यांचं वजन, जेवणखाण, अंगावरचे कष्ट, रक्त अशा नोंदी घेतल्या गेल्या आणि पुढे जन्मलेल्या मुलांचा ती मोठी होईपर्यंत माग ठेवला गेला. आपल्याकडची बाळं वजनाला कमी भरली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं आणि पुढच्या मधुमेहाची मुळं तिथवर जातात, हे जगाला या घरांनी दिलेल्या माहितीतून समजलं. तेव्हा ‘कशाला उगाच माहिती द्यायची’ असं सरसकट म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. द्यावी. पण काय देतोय, कुणाला देतोय आणि नंतर त्यातलं काय परत मागता येईल, हे ठाऊक असून द्यावी.

संशोधन सहभागी लोकांच्या हिताला धरून आहे ना हे पाहून त्याला मंजुरी देणारी समिती म्हणजे एथिक्स कमिटी. एका संस्थेच्या अशा कमिटीवर मी ‘सामान्य नागरिक’ म्हणून बसते. वैद्यकशास्त्र न शिकलेली एक तरी व्यक्ती कमिटीत हवी असा नियमच आहे. माझ्या वाट्याला मुख्यतः मराठी माहितीपत्रकं (सहीआधी सहभागी माणसाला अभ्यास समजावून सांगणारे कागद) येतात, कारण इंग्रजीवरून घाईने उतरवलेलं ते मराठी गावातल्या माणसाला कळेल का, हे डॉक्टर मंडळींना सांगता येत नाही. सहभागी लोकांशी बोलताना एक गोष्ट सारखी दिसते. ‘रक्त किती काढणार?’ हे प्रत्येक जण विचारतो. ‘ते किती वर्षं ठेवणार आणि आणखी कुणाला देणार?’ हे विचारणारा विरळा. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

आधी ओळखा, मागतंय कोण

‘संशोधन’ हा शब्द आजकाल कुणीही वापरतं. गणपतीच्या मांडवात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत शुगर तपासणी होते, रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल आणि शुगरचा आकडा एकाच ओळीत लिहिला जातो, आणि आठवडाभरात औषधांचे, विम्याचे फोन सुरू होतात. याला संशोधन म्हणत नाहीत, ही गिऱ्हाइकांची यादी. शुगर खुशाल तपासून घ्या. मोबाइल नंबर मात्र देऊ नका. रिपोर्ट हातात मिळतोच, मग नंबर कशाला हवा?

खऱ्या आरोग्य संशोधनामागे एथिक्स कमिटीची मंजुरी असते. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) २०१७ साली काढलेली राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य संशोधनाला लागू आहेत, आणि २०१९च्या नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनी त्यांना कायद्याचा आधार दिला. म्हणून पहिला प्रश्न हाच: ‘एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, कुठल्या कमिटीची, आणि तिच्या सदस्य सचिवांचा फोन माहितीपत्रकावर आहे का?’ तिसऱ्या भागाचं उत्तर ‘नाही’ आलं तर तिथेच थांबा. तो नंबर पत्रकावर असायलाच हवा.

औषधाची चाचणी असेल तर आणखी एक खूण आहे. भारतातल्या औषध-चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं १५ जून २००९पासून सक्तीचं आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. अभ्यासाचा सीटीआरआय क्रमांक मागून घ्या आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला शोधायला बसवा. पैसे कोण घालतंय, चाचणी कुठल्या शहरांत चालू आहे, किती लोक हवेत, हे सगळं तिथे दिसतं. माहितीपत्रकावर एकाच हॉस्पिटलचं नाव आणि नोंदवहीत प्रायोजक म्हणून परदेशी कंपनी, असं दिसलं तर तुमचा डेटा देशाबाहेर जाणार का, हा प्रश्न आपोआप तयार झाला.

विद्यार्थ्यांचे प्रबंध हा वेगळा प्रकार. व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्म येतो, ‘फक्त पाच मिनिटं लागतील’ म्हणून. पोरांना मदत करावीच, पण फॉर्म उघडताना ईमेलने लॉगिन करायला सांगत असेल तर ‘निनावी सर्वेक्षण’ या शब्दांवर लगेच विश्वास ठेवू नका, कारण ईमेल उत्तरांसोबत नोंदला जाऊ शकतो. मासिक पाळी, मानसिक आजार, व्यसन अशा विषयांचा फॉर्म असेल तर कॉलेजच्या कमिटीचं पत्र मागा. प्रामाणिक विद्यार्थ्याला ते पाठवायला दोन मिनिटं लागतात.

अ‍ॅपबाबत मी जास्त कडक आहे. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या लोकप्रिय अ‍ॅपवर ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेने २०२१ साली कारवाई केली. माहिती खासगी राहील असं वचन देऊन ती फेसबुक, गुगल यांच्या विश्लेषण सेवांकडे जात होती, असा आरोप होता. अ‍ॅपमध्ये ‘संशोधनासाठी मदत करा’ असं बटण दिसलं तर कुठली संस्था, कुठली कमिटी, हे दोन प्रश्न तिथेही लागू आहेत. उत्तर सापडत नसेल तर बटण बंद ठेवा.

माहितीपत्रक घरी आणा

ओपीडीत रांगेत उभं राहून, एका हातात केसपेपर आणि दुसऱ्या हातात पेन धरून सही करायची नसते. माहितीपत्रक घरी नेण्याचा, चार जणांना विचारण्याचा वेळ मागणं हा तुमचा हक्क आहे. ‘मॅडम, मी हे वाचून परवा येते’ एवढं म्हणायचं. यावर कुणी तोंड वाकडं केलं तर तीही माहितीच समजा. पत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून दाखवलं गेलं पाहिजे.

घरी आल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. ‘गोपनीयता’ हा परिच्छेद काढा. तिथे नुसतं ‘आपली माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल’ असं एक वाक्य असेल तर तो परिच्छेद लिहिणाऱ्याने विचार केलेला नाही. ‘पूर्णपणे’ म्हणणाऱ्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास असतो. चांगल्या पत्रकात साधारण असं सापडतं: नावाच्या जागी कोड असेल, कोडची यादी प्रमुख संशोधकाकडे कुलपात असेल, रक्ताचे वगैरे नमुने अमुक वर्षं ठेवू, त्यानंतर नष्ट करू किंवा तुमची परवानगी असेल तर बायोबँकेत, म्हणजे पुढच्या संशोधनासाठी जपलेल्या नमुन्यांच्या साठ्यात, ठेवू, आणि अमुक अमुक लोक तुमचे कागद पाहू शकतील.

सहीच्या पानावरची दोन वाक्यं

औषध-चाचणीच्या संमतीपत्राचा ठरावीक नमुना नियमांतच दिलेला आहे. त्यात एकेका वाक्यापुढे चौकट असते आणि त्यात तुम्ही आद्याक्षरं घालायची असतात. लोक ती रेशनच्या फॉर्मसारखी भराभर भरतात. त्यातल्या दोन वाक्यांपाशी थांबा.

एका वाक्याचा आशय असा: प्रायोजक कंपनी, तिच्या वतीने काम करणारे, एथिक्स कमिटी आणि सरकारी नियामक यांना तुमची आरोग्याची कागदपत्रं पाहायला दर वेळी तुमची परवानगी लागणार नाही; या चाचणीसाठीही आणि तिच्याशी संबंधित पुढच्या संशोधनासाठीही, अगदी तुम्ही मध्येच बाहेर पडलात तरी. तुमची ओळख मात्र तिसऱ्या कुणाला दिल्या जाणाऱ्या किंवा छापल्या जाणाऱ्या माहितीत उघड होणार नाही. दुसऱ्या वाक्यात तुम्ही मान्य करता की अभ्यासातून निघालेली माहिती वैज्ञानिक कामासाठी वापरायला तुम्ही आडकाठी करणार नाही.

या वाक्यांमागे कारण आहे. कंपनीने खोटे रुग्ण तर दाखवले नाहीत ना, दुष्परिणाम लपवले नाहीत ना, हे तपासायला कुणीतरी मूळ कागद पाहिलाच पाहिजे. पण ‘माझी फाइल फक्त माझे डॉक्टर पाहतात’ अशी समजूत असेल तर ती इथे संपते. मॉनिटर नावाचा कंपनीचा माणूस येतो आणि तुमच्या केसपेपरवर तुमचं नाव वाचतो. चालणार असेल तर सही करा; नसेल तर औषध-चाचणी तुमच्यासाठी नाही. हे वाक्य खोडून बाकीच्यावर सही, असं इथे चालत नाही.

याच संमतीपत्रात पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नावही विचारतात. काही विपरीत झालं तर नुकसानभरपाई कुणाला आणि कशी द्यायची हे ठरवायला ते लागतं. त्यामुळे अख्ख्या अभ्यासात तुमची ओळख सगळ्यात जास्त उघड करणारा कागद कुठला, तर हा. ‘संमतीपत्रं आणि आजाराची माहिती वेगवेगळ्या कपाटांत ठेवता का?’ हे विचारा. भरलेल्या संमतीपत्राची एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. आणि ती घरात कुठे ठेवायची याचाही विचार करा. टीव्हीखालच्या खणात लाइटबिलांबरोबर ठेवलेलं एचआयव्ही अभ्यासाचं संमतीपत्र पाहुण्यांच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

काही चाचण्यांत, विशेषतः नवं रसायन असेल आणि सहभागी दुर्बल गटातला असेल, तर संमती देतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी मात्र नियमांनीच फक्त आवाजाच्या रेकॉर्डिंगची सोय ठेवली आहे, चेहरा दिसू नये म्हणून. या दोन आजारांपैकी कशासाठी कुणी तुमच्यासमोर कॅमेरा लावत असेल तर ही गोष्ट आठवून द्या.

‘नाव काढून टाकू’ म्हणजे नेमकं किती

इथे जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक गैरसमज इथलेच आहेत. माहितीची ओळख पुसण्याच्या पायऱ्या आहेत. कधीकधी नाव-पत्ता सकट सगळं तसंच असतं. कधी नावाऐवजी कोड असतो, पण कोड आणि नाव जोडणारी यादी कुणाकडे तरी असते. म्हणजे उलटं जाता येतं. कधी ती यादी कायमची नष्ट केलेली असते. आणि कधी नाव मुळात घेतलेलंच नसतं. मराठी पत्रकांत या सगळ्यांना सरसकट ‘निनावी’ म्हणतात. विचारायचं ते असं: ‘कोडची यादी राहणार की फाडणार? राहणार असेल तर कुणाकडे?’

यादी राहण्यात वाईटच आहे असं नाही. तुमच्या रक्तात गंभीर काही सापडलं तर तुम्हाला कळवायला तीच लागते, आणि तुम्ही बाहेर पडलात तर तुमचा नमुना शोधून नष्ट करायलाही. यादी फाडली की बाहेर पडण्याचा रस्ताही बंद होतो.

नाव काढलं तरी माणूस सापडतो, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या हॉस्पिटल भेटींची माहिती नावं काढून संशोधकांना दिली. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहाच जण शहरात होते, त्यांपैकी तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकटाच. गव्हर्नरसाहेबांचे वैद्यकीय कागद तिने त्यांच्याच कार्यालयात पाठवून दिले. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड, एवढ्या तीन गोष्टींवर ८७ टक्के अमेरिकन वेगळे ओळखू येतात, असा हिशेब तिने पुढे मांडला.

आपल्याकडे तर काम आणखी सोपं. मतदारयादीत नाव, वय, लिंग, घर क्रमांक आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जन्मतारीख गुप्त ठेवायची म्हटलं तर चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्सही उतरवावा लागेल. त्यात आपली आडनावं: कित्येक आडनावांवरून गाव, जात, कधी भावकीसुद्धा कळते. ‘स्त्री, ५२, अमुक गाव, अमुक जात, विधवा, दोन वेळा टीबी’ एवढी ओळ वाचून त्या गावातला कुणीही नाव सांगेल. हॅकर वगैरे लागत नाही. दुर्मीळ आजार असेल तर जिल्ह्याचं नावही पुरतं.

यावर सहभागी माणसाला करता येण्यासारखं थोडं आहे, पण ते उपयोगाचं आहे. जन्मतारखेऐवजी पूर्ण वय चालेल का विचारा. गावाऐवजी तालुका, पिनकोडचे पहिले तीन आकडे. जातीचा रकाना अभ्यासाला खरंच लागतो का ते विचारा. कधीकधी लागतो, उदाहरणार्थ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासात, पण पुष्कळदा तो जुन्या फॉर्मवरून आलेला असतो आणि कुणीच वापरत नाही. फोटो काढणार असतील तर डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपत नाही, हे लक्षात ठेवा. हातावरचं गोंदण, जखमेचा व्रण, मंगळसूत्राची घडण यावरून घरचे ओळखतात. तुमची केस मासिकात छापायची असेल तर त्यासाठी वेगळी संमती मागितली पाहिजे, आणि छापण्याआधी मजकूर दाखवा म्हणण्यात संकोच नको.

गळती बहुतेक वेळा घराजवळच होते

हॅकिंगची भीती सगळ्यांना असते. पण कमिटीसमोर येणाऱ्या प्रस्तावांत मला जास्त काळजी वाटते ती दारात उभ्या राहणाऱ्या गाडीची. हॉस्पिटलच्या नावाची पाटी लावलेली जीप दर तीन महिन्यांनी एकाच घरासमोर थांबली की वाडीत चर्चा सुरू होते. मुलाखत घ्यायला आलेल्या ताई ओट्यावर बसतात, सासू शेजारी भाजी निवडत असते, आणि प्रश्न असतो गर्भपाताचा. घरात फोन एकच, तो मुलाकडे, आणि पलीकडून आवाज येतो: ‘मी टीबीच्या अभ्यासातून बोलतेय.’ झालं.

म्हणून पहिल्याच भेटीत या गोष्टी ठरवून घ्या. फोन कुठल्या नंबरवर करायचा, किती वाजता, आणि दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचं. ‘हॉस्पिटलमधून’ एवढंच म्हटलेलं पुरे. आजाराचं नाव उच्चारायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवायचे की नाहीत. घरी यायचं की तुम्हीच केंद्रावर जाणार. मुलाखत घरी असेल तर सरळ सांगा: ‘ताई, तुम्ही दुपारी या, तेव्हा मी एकटी असते.’ चांगल्या क्षेत्र-कार्यकर्त्या हे स्वतःहून विचारतात. त्या विचारत नसतील तर तुम्ही सांगा. वाईट वाटून घेणार नाहीत.

आणखी एक नाजूक गोष्ट: माहिती गोळा करणारी व्यक्ती तुमच्याच गावातली असेल तर? आशा ताई तुमची नणंद लागत असेल, तर तिच्यासमोर काही उत्तरं देणं अशक्य आहे. दुसरा माणूस मागता येतो. किंवा तो प्रश्न सोडून देता येतो. ‘याचं उत्तर द्यायचं नाही’ हेही उत्तर चालतं.

काय देऊ नये

आधार क्रमांक संशोधनाला सहसा लागत नाही. प्रवासखर्चाच्या पावतीसाठी ओळखपत्र मागितलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, आणि झेरॉक्सवर ‘फक्त अमुक अभ्यासाच्या प्रवासखर्चासाठी’ असं लिहून तारीख घाला. बँक खात्याचा तपशील हिशेबाच्या रजिस्टरमध्ये जावा, तपासणीच्या फॉर्मवर नको. नातेवाइकांचे नंबर देताना त्यांना आधी विचारा. त्यांनी कशालाच संमती दिलेली नाही.

डीएनए देताना घरच्यांनाही विचारा

डीएनएचं प्रकरण बाकी माहितीपेक्षा निराळं, कारण ते एकट्याचं नसतं. २०१३ साली संशोधकांनी निनावी म्हणून खुल्या केलेल्या जनुकीय माहितीवरून, वंशावळीच्या संकेतस्थळांच्या मदतीने आडनावं शोधून जवळजवळ ५० लोकांची ओळख पटवून दाखवली. तुम्ही दिलेल्या थुंकीत तुमची भावंडं, मुलं, चुलत भाऊ सगळे थोडेथोडे असतात.

परदेशातल्या मराठी घरांत डीएनए किट भेट देण्याची टूम आली होती, म्हणून अशी किटं विकणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीचं उदाहरण सांगते. २०२३ साली चोरांनी दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डांच्या जोरावर सुमारे १४ हजार खाती उघडली. पण ‘नातेवाईक शोधा’ या सोयीमुळे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. मार्च २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि दीड कोटी ग्राहकांच्या जनुकीय माहितीचं काय होणार, हा प्रश्न न्यायालयात गेला. शेवटी कंपनीच्या सहसंस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने कंपनी विकत घेतली. कंपनी विकली गेली की तिच्या वचनांचं काय, हे किट भेट देणाऱ्या मावशीने बॉक्सवर वाचलेलं नसतं.

भारतातल्या जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले. तो डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवला आहे, आणि संशोधकांना अर्ज करून, अटी मान्य करून तो मिळतो. नियंत्रित दाराची ही पद्धत मला खुल्या दारापेक्षा बरी वाटते. तुमचा डीएनए मागणाऱ्याला विचारा: दार कसलं आहे, आणि किल्ली कुणाकडे?

पुढच्या वापराचा प्रश्न तर डोळ्यांत तेल घालून वाचावा. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९०च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. नंतर कळलं, की ते स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातले विवाह, जमात मुळात कुठून आली अशा अभ्यासांसाठीही वापरलं गेलं होतं. जमातीच्या श्रद्धेनुसार ते ग्रँड कॅन्यन या दरीतलेच. कुठूनही आलेले नाहीत. २०१० साली रक्त घेणाऱ्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नमुने परत केले. आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारात सिकलसेलचा वाहक आहे की नाही यावर सोयरीक मोडते. ज्याच्या रक्तावर संशोधन झालं त्याच्या बहिणीचं लग्न अडू शकतं, ही दूरची शंका नव्हे.

म्हणून संमतीपत्रात पुढच्या वापरासाठी पर्याय मागा: फक्त याच अभ्यासासाठी, याच आजारावरच्या इतर अभ्यासांसाठी, कुठल्याही संशोधनासाठी, की पुढच्या वेळी पुन्हा विचारून. आयसीएमआरच्या तत्त्वांमध्ये अशी पायरीपायरीची संमती बसते. पत्रकात एकच सरसकट ‘भविष्यातील संशोधन’ असेल तर तेवढ्या चौकटीत ‘नाही’ लिहून मूळ अभ्यासात राहता येईल का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी येतं.

निकाल हवेत का, हे आधी ठरवा

अभ्यासात तुमच्याबद्दल काही सापडलं तर कळवू का, असं विचारतात. लोक उत्साहाने ‘हो’ म्हणतात. पण कर्करोगाचा धोका वाढवणारं जनुक तुमच्यात आहे हे एकदा कळलं, की विम्याच्या प्रस्तावावर ‘कुठली तपासणी झाली आहे का, काय निघालं’ या प्रश्नाचं तुमचं उत्तर बदललं. ते लपवलं तर पुढे दावा अडतो. अमेरिकेत २००८पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा आहे, तोही आरोग्यविमा आणि नोकरीपुरता. आयुर्विमा त्यात नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली एका दाव्यात जनुकीय आजारांना सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं होतं, पण त्यावर विसंबून राहण्याइतकी वाट अजून मळलेली नाही. ज्या निकालावर उपचार आहे तो जरूर मागा. ज्यावर आज काहीच करता येत नाही, त्याबद्दल रात्रभर विचार करून मग चौकट भरा.

अ‍ॅडमिट होतानाची ती एक ओळ

पुष्कळ हॉस्पिटलांच्या भरतीच्या फॉर्मवर, बिलाच्या आणि भुलीच्या संमतीच्या मध्ये कुठेतरी, ‘माझी माहिती व उर्वरित नमुने शैक्षणिक व संशोधन कार्यासाठी वापरण्यास हरकत नाही’ अशी ओळ असते. पेशंट स्ट्रेचरवर असताना ती कोण वाचणार! प्रकृती सावरल्यावर डिस्चार्जच्या वेळी विचारा, आणि नको असेल तर लेखी कळवा. जुन्या केसपेपरवर किंवा तपासणीनंतर उरलेल्या नमुन्यावर, ओळख काढून, तुमच्या संमतीशिवायही एथिक्स कमिटी संशोधनाला परवानगी देऊ शकते, हेही माहीत असू द्या. नियमात तशी तरतूद आहे आणि पुष्कळ उपयोगी अभ्यास त्यावरच चालतात.

नवा कायदा किती कामाचा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. पण संशोधनाच्या बाबतीत त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. ज्या संशोधनात तुमच्याबद्दल व्यक्तिशः कुठलाही निर्णय घेतला जात नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळली जातात, त्याला कायद्यातून मोठी सूट आहे. गरजेपुरताच डेटा घेणं, गरजेपुरताच ठेवणं, सुरक्षित ठेवणं ही ती मानकं. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७चा स्वतंत्र कायदा जास्त धारदार आहे. कायद्यातले थोडे अपवाद सोडले तर तुमच्या लेखी संमतीशिवाय ती माहिती उघड करणं हा त्याचा भंग ठरतो. बाकी ठिकाणी तुमची खरी ढाल म्हणजे एथिक्स कमिटी आणि हातातली संमतीपत्राची प्रत.

बाहेर पडायचं झालं तर

कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. पण तीन गोष्टी वेगळ्या मागाव्या लागतात: पुढे संपर्क करू नका, उरलेला नमुना नष्ट करा, माझी माहिती यापुढे वापरू नका. नुसतं ‘मी येत नाही’ म्हटलं तर फक्त पहिली गोष्ट होते. जी माहिती आधीच विश्लेषणात मिसळली किंवा छापून आली, ती परत येत नाही. औषध-चाचणीत तोवरची माहिती नियमांसाठी ठेवावीच लागते. अर्ज असा लिहा:

‘प्रति, प्रमुख संशोधक. प्रत: सदस्य सचिव, एथिक्स कमिटी.
विषय: अभ्यासातून माघार.
माझा सहभागी क्रमांक ____ आहे. मी दि. ____ रोजी संमती दिली होती. आजपासून मी या अभ्यासातून माघार घेत आहे. कृपया माझ्याशी अभ्यासासाठी संपर्क करू नये. माझे उरलेले जैविक नमुने नष्ट करून तसे लेखी कळवावे. माझी माहिती यापुढे कोणत्याही नव्या विश्लेषणात वापरू नये व इतर कोणाला देऊ नये. जी माहिती काढून टाकणे शक्य नाही, ती कोणती व का, हे कळवावे. माझे नेहमीचे उपचार चालू राहावेत ही विनंती.’

अर्जावर आजाराचं नाव लिहू नका. टपाल फोडणारा कारकून वेगळाच असतो. सहभागी क्रमांक पुरतो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर पोचेची झेरॉक्स जोडून थेट सदस्य सचिवांना लिहा. औषध-चाचणी असेल तर केंद्रीय औषध नियामकाकडेही तक्रार करता येते. कमिटीच्या बैठकीत असं पत्र पुढ्यात आलं की संशोधकाला त्याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते इतिवृत्तात नोंदलं जातं.